मदत हवी आहे: आजी-आजोबांची शेवटची इच्छा फाइलमध्ये ताजी कशी ठेवता?

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका वृद्धसेवा केंद्रात सिस्टर इन-चार्ज आहे. दाखल करताना नातेवाईक फॉर्म भरतात, 'तब्येत बिघडल्यास हॉस्पिटलला हलवा' यावर खूण करतात आणि तो कागद वर्षानुवर्षं तसाच राहतो. माणूस मात्र बदलतो. परवा स्पंजिंग करताना एक आजी मावशींना म्हणाल्या, "आता नाकात नळी नको गं, इथेच राहू दे मला." हे मावशींना माहीत, रात्रपाळीच्या सिस्टरला नाही. मध्यरात्री आजींना धाप लागली तर ती फाइलच बघणार ना!

लिव्हिंग विलचं (पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) ठाऊक आहे. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. पण सगळ्यांकडून ते होत नाही, आणि झालं तरी रोजच्या केअर प्लॅनमध्ये उतरायला हवंच.

तुम्ही पुन्हा कधी विचारता? दर तिमाहीला, की हॉस्पिटलमधून परत आल्यावर लगेच? मुलगा परदेशातून 'सगळं करा' म्हणतो आणि आजी नको म्हणतात, तेव्हा नोंद कोण करतं? डॉक्टर त्यावर सही देतात का? मराठीत नमुना फॉर्म असेल तर कृपया पाठवा.