मदत हवी आहे: ऑटिस्टिक मुलाची शाळेची व्हॅन बंद झाली, कांजूरमार्ग ते माटुंगा रोज कसं न्यायचं?

कांजूरची_आई

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा 13 वर्षांचा आहे. ऑटिझम आणि सोबत बौद्धिक अक्षमता, यूडीआयडी कार्डवर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) 65 टक्के दिव्यांगत्व आहे. माटुंग्याच्या एका अनुदानित मराठी शाळेत दुसरीपासून जातो, तिथे संसाधन कक्ष, म्हणजे अशा मुलांना वेगळं शिकवायची खोली आहे आणि विशेष शिक्षिका खूप जीव लावून शिकवतात. आम्ही कांजूरमार्गला राहतो. चार वर्षं एकाच व्हॅनने जायचा, भांडुपपासून मुलं घेत एलबीएस रोडने येणारी, व्हॅनवाले काका अगदी घरच्यासारखे. 1 ऑगस्ट 2024 ला सायनचा पूल वाहतुकीला बंद झाला तेव्हापासून वळसा पडायला लागला आणि पाऊण तासाचा प्रवास सव्वा-दीड तासावर गेला, तरी काकांनी कधी कुरकुर केली नाही आणि मुलानेही नाही. गेल्या महिन्यात काकांच्या कमरेने अगदीच हात टेकले, ते गावी चिपळूणला गेले आणि व्हॅन भाच्याला चालवायला दिली.

चौथ्या दिवशी घाटकोपरला सिग्नलला व्हॅन उभी असताना माझ्या मुलाने सरकता दरवाजा उघडला आणि एक पाय बाहेर टाकला. शेजारून रिक्षा जात होती. मागे बसलेल्या मुलीने त्याच्या दप्तराचा पट्टा धरून आत खेचलं म्हणून वाचला. हे लिहिताना पण माझे हात गार पडतात. संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला की काकू उद्यापासून नको, मला ही जबाबदारी झेपणार नाही. त्याला तरी काय बोलणार, 23-24 वर्षांचा पोरगा, आवाज कापत होता त्याचा.

नंतर त्या मुलीकडून कळलं की त्या दिवशी ह्याची जागा बदलली होती. हा नेहमी डावीकडे खिडकीशी बसतो आणि काचेच्या कडेच्या रबरावरून बोट फिरवत राहतो, वर खाली, वर खाली, शाळा येईपर्यंत. त्या दिवशी एका लहान मुलाला उलटी होत होती म्हणून त्याला खिडकी दिली आणि ह्याला मधे बसवलं. त्याला बोलून सांगता येत नाही, मग त्याने उतरायचं ठरवलं असणार.

शाळेत गेले तर म्हणाले व्हॅन खाजगी आहे, पालकांनी ठरवलेली आहे, शाळेचा काही संबंध नाही, नाहीच जमलं तर थोडे दिवस घरी ठेवा. थोडे दिवस म्हणजे किती ते कोणी सांगत नाही.

आता पाच आठवडे मीच ट्रेनने नेतेय. सकाळची सीएसएमटीकडे जाणारी स्लो, म्हणजे गर्दी काय असते ते सांगायला नको. लेडीजमध्ये 12 वर्षांपर्यंतचाच मुलगा चालतो, हा 13 चा आणि माझ्या कानापर्यंत उंच, मागे एकदा बायकांनी हाताला धरून उतरवलं, त्यांचंही चुकलं म्हणत नाही. दिव्यांगांच्या डब्यातून जातो तर तिथे धडधाकट माणसं दारात उभी, आम्हालाच विचारतात की हा तर चांगला दिसतोय की. पण एक सांगू का, ट्रेन त्याला आवडते. पुढील स्टेशन विद्याविहार हे तो अनाउन्समेंटच्या आधी म्हणतो, त्याच आवाजात, त्याच चालीत. माटुंगा म्हणून झालं की स्वतःहून उठतो.

अडचण माझ्या नोकरीची आहे. मी मशीद बंदरला एका होलसेलवाल्यांकडे अकाउंट्स बघते. सकाळी सोडून जाता येतं, पण शाळा एकला सुटते, म्हणजे रोज हाफ डे. मालक चांगले आहेत, पण महिना झाला आता. मिस्टर तारापूरला शिफ्टमध्ये, आठवड्यातून एकदा घरी. सासूबाईंना जिना उतरवत नाही.

तर विचारायचंय की शाळेवर ने-आणीची काही जबाबदारी असते का, की खरंच सगळं आपल्यावरच असतं, भत्ता वगैरे मिळतो असं ऐकलंय तो नक्की कोणाकडे मागायचा, ट्रेनच्या पासात सवलत आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हॅनमध्ये मुलाशेजारी बसेल अशी एखादी ताई कोणी ठेवली आहे का, तिला किती देता? गाडी मिळेल हो, शेजारी बसणारं माणूस मिळत नाहीये.

घाटकोपरकर

ताई, वाचून वाईट वाटलं. राग मानू नका, पण घराजवळ भांडुप-विक्रोळीत शाळा बघितली तर रोजची ही कसरतच वाचेल ना?

कांजूरची_आई

दादा राग कशाला, सगळे हेच विचारतात. बघितल्या आहेत. एकीकडे विशेष शिक्षक नाही, एकीकडे आठवड्यातून एकदा येतात. ह्याला ह्या शाळेत बाथरूमला एकटं जायला शिकायला दोन वर्षं लागली. नवीन इमारत, नवीन बाई म्हणजे ते सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि परत जमेलच असं नाही.

निवृत्त_बाई

मी 30 वर्षं शिक्षिका होते, शेवटची काही वर्षं समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याचं काम पाहिलं. शाळा बदलायची काहीच गरज नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016, त्याचं कलम 31 सांगतं की 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यामुळे थोडे दिवस घरी ठेवा हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. त्याच कायद्याचं कलम 16 काढा, त्यातला आठवा मुद्दा वाचा. सरकारने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना वाहतुकीची सोय द्यावी, आणि ज्या मुलाला जास्त आधाराची गरज आहे त्याच्या मदतनीसालाही द्यावी, असं त्यात आहे. मदतनीस हा शब्द कायद्यातच आहे, तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. कलमाचा रोख सरकार आणि पालिकेवर आहे, की त्यांनी शाळांकडून हे होईल असे प्रयत्न करावेत, म्हणून अर्ज एकट्या शाळेला करू नका. मुख्याध्यापकांच्या नावाने लिहा आणि प्रत शिक्षण निरीक्षकांना द्या.

भत्त्याचं म्हणाल तर तो समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षणाच्या योजनेत येतो. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठी आहे, म्हणजे तुमचा मुलगा बसतो. प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता असे दोन वेगळे आहेत, दोन्ही लिहून मागा. पण रकमेकडे फार आशेने बघू नका बाळा, योजनेत एका मुलामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंतच तरतूद आहे आणि साहित्य वगैरे सगळं त्यातूनच. पहिली गोष्ट म्हणजे यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाची नोंद दिव्यांग म्हणून झाली आहे का ते शाळेच्या क्लार्ककडे बसून स्वतः बघा. नोंद नसेल तर पुढचं सगळं अडतं. मग शाळेतल्या विशेष शिक्षिकेला घेऊन शहर साधन केंद्रात (शिक्षण विभागाचं शहरातलं केंद्र) जा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

कांजूरची_आई

बाई, खूप खूप आभार. वर्षाला 3500, आणि व्हॅनचेच महिन्याला 3200 जातात. तरी मागणार, नोंद तरी होईल.

मुलुंड_ईस्ट

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, ट्रेनचं मी सांगते. जी बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही तिला मासिक पासात 50 टक्के सवलत आहे आणि सोबत जाणाऱ्या एकालाही तेवढीच. तुमच्या दाखल्यावर बौद्धिक अक्षमता शब्द आहे ना, तोच कामाचा, रेल्वेच्या फॉर्ममध्ये तोच प्रकार आहे. सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घ्या, मग रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र ऑनलाइन काढता येतं. सोबतीची सवलत मुलगा बरोबर असतानाच धरायची हं, त्याला सोडून तुम्ही एकट्या पुढे मशीदला जाता त्याचं तिकीट वेगळं काढा, टीसीशी वाद घालायची ताकद सकाळी कोणात नसते.

डब्यात धडधाकट लोक चढून जागा देत नसतील तर 139 ला, रेल्वेच्या हेल्पलाइनला फोन करा. मी करते. प्रत्येक वेळी कोणी येतंच असं नाही, पण मी फोनवर मोठ्याने डबा आणि स्टेशन सांगायला लागले की दारातले दोघं-तिघं उतरतात.

व्हॅनवाला_भांडुप

ताई नमस्कार, मी 14 वर्षं शाळेची व्हॅन चालवतो, माझ्या गाडीत आत्ता दोन अशी मुलं आहेत. तुमची पोस्ट बायकोने वाचून दाखवली, मग स्वतः परत वाचली.

जागा बदलली तिथेच चुकलं ताई. त्या पोराचा काही दोष नाही, भाच्याला कोणी सांगितलंच नसणार. ह्या मुलांची जागा म्हणजे त्यांचं घर असतं. माझ्याकडचा एक ड्रायव्हरच्या मागेच बसतो आणि माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटात धरून ठेवतो, मुलुंडपासून शीवपर्यंत. मी एकदा टी-शर्ट घालून गेलो, गोल गळ्याचा, त्या दिवशी तो पूर्ण रस्ताभर रडला. तेव्हापासून कॉलरवाला शर्टच घालतो.

दुसरं, चाइल्ड लॉक. सरकता दरवाजा उघडला की त्याच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती लॉकच्या बाजूला सरकवली की दरवाजा आतून उघडतच नाही, बाहेरूनच उघडावा लागतो. भाच्याला समोर बसवून करायला लावा, नुसतं फोनवर सांगू नका. पहिलं मूल चढायच्या आधी लॉक टाकायचं. आणि लॉक टाकलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, आत एक मोठं माणूस हवंच. ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर असतं, आरशात बघून पोरं सांभाळता येत नाहीत, मी 14 वर्षांनंतर पण हेच सांगतो. महाराष्ट्राची 2011 ची स्कूल बस नियमावली आहे, त्यात स्कूल बसमध्ये मदतनीस पाहिजेच असं आहे, मुली असतील तर बाई मदतनीस. आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात, पालकांचा प्रतिनिधी पण असतो. म्हणजे वाहतुकीशी शाळेचा काही संबंध नाही असं नसतं. समितीची मीटिंग कधी झाली ते विचारा.

तिसरं, नवीन ड्रायव्हर एकदम द्यायचा नाही. मी डेंग्यूने आडवा झालो तेव्हा दुसऱ्या ड्रायव्हरला आधी चार दिवस माझ्या शेजारी बसवलं, पाचव्या दिवशी तो चालवायला आणि मी शेजारी, ताप असताना. मुलांना चेहरा ओळखीचा झाला पाहिजे. तुमचे काका गावी आहेत तर व्हिडिओ कॉलवर तरी मुलाला दाखवा की काका आणि हा दादा एकच.

ताईचं विचारलंत. आमच्या गाडीत एका मुलाची आईच मदतनीस म्हणून बसते. सहा पालक प्रत्येकी 750 देतात, 4500 होतात, आणि तिच्या मुलाचं भाडं मी घेत नाही. बाहेरची बाई महिनाभरात सोडून जाते, जिचं मूल गाडीत आहे ती टिकते. तुमच्या व्हॅनमधल्या पालकांना विचारून बघा.

मी पण एकदा एका मुलाला नाही म्हटलंय ताई, 2016 ला. तेव्हा मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तो मुलगा नंतर शाळेत दिसला नाही. म्हणून इतकं लिहिलं.

कांजूरची_आई

दादा, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. कॉलरचं वाचताना मला थांबावं लागलं. आजच सगळ्या पालकांना फोन लावते.

कांजूरची_आई (नऊ दिवसांनी)

अपडेट देतेय.

यू-डायसमध्ये नोंद नव्हतीच. चार वर्षांपूर्वी फॉर्म भरून दिला होता, कुठे राहिला कोणाला माहीत नाही. क्लार्क मॅडमनी माझ्यासमोर दुरुस्ती टाकली. अर्ज दिला, दोन्ही भत्ते वेगळे लिहून, कलम 16 लिहून, प्रत निरीक्षकांना, दोन्हीकडची पोच माझ्या फाइलमध्ये आहे. परिवहन समितीचं विचारल्यावर मुख्याध्यापकांचा सूर जरा बदलला, पुढच्या आठवड्यात मीटिंग बोलावतो म्हणाले आणि मलाही बोलावलंय. रेल्वेचा फॉर्म सायन हॉस्पिटलमध्ये दिलाय.

आणि ताई मिळाली. ज्या मुलीने दप्तर धरून ह्याला खेचलं तिची आई. भांडुपला घरकामं करते, सकाळची दोन सोडून दुपारनंतरची घेईन म्हणाली. पाच पालक 800 प्रमाणे द्यायला तयार झाले, एकांनी नाही म्हटलं, त्यांचा वाटा मी भरणार, आणि तिच्या मुलीचं भाडं काकांनी माफ केलं, चिपळूणहून फोनवरच. भाच्याला व्हॅनवाल्या दादांची पोस्ट पाठवली होती. त्याने चाइल्ड लॉक स्वतः शोधून मला करून दाखवलं.

शनिवारी व्हॅन आमच्या बिल्डिंगखाली नुसती उभी केली, इंजिन बंद. काका व्हिडिओ कॉलवर. हा दहा मिनिटं लांबूनच बघत होता, मग चढला, डावीकडे खिडकीशी बसला आणि रबरावर बोट ठेवलं. ताई शेजारी बसल्या, काही बोलल्या नाहीत, मीच सांगितलं होतं बोलू नका म्हणून. वीस मिनिटं बसला. उतरताना ताईंच्या ओढणीचं टोक हातात होतं, ते त्यांनी सोडवून घेतलं नाही, तशाच जिन्यापर्यंत आल्या.

सोमवारपासून निघतील, 7:05 ला. पहिले दोन दिवस मी पण व्हॅनमध्ये जाणार आहे. भत्त्याचं काही कळलं की इथेच लिहीन. आणि मीटिंगला जाताना कायद्याची मराठी प्रत हवी आहे, कोणाकडे असेल तर प्लीज सांगा.