कसबा पेठेतील रोजचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे आहेत : मार्गदर्शन हवे

कसबेकर

सप्रेम नमस्कार.

मी पुण्याच्या कसबा पेठेत राहते. कसबा गणपतीच्या देवळापासून निघून तांबट आळी, फडके हौद असे करीत मंडईपर्यंत पायी जाण्याचा माझा परिपाठ आहे, आणि अलीकडे या वाटेवर मी पाहण्यापेक्षा ऐकतच अधिक असते. तांबट आळीतील मठारकाम (तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने घाव घालण्याचे काम), देवळातील घंटा, वाड्याच्या लाकडी जिन्यावरून उतरणारी पावले, भंगारवाल्याच्या हातगाडीवर कर्ण्यातून पुन्हा पुन्हा वाजणारी तीच आरोळी, मंडईतील भावाची घासाघीस हे सारे एका फेरीत कानावर पडते. मात्र जुने वाडे एकामागून एक पाडले जात आहेत, 2024 च्या सप्टेंबरपासून भुयारी मेट्रोही पेठेखालून धावू लागली आहे, आणि आज जे ऐकू येते ते आणखी दहा वर्षांनी तसेच ऐकू येईल असे मला वाटत नाही. म्हणून हे आवाज जतन करण्याचे मी मनावर घेतले आहे.

माझा बेत असा आहे की जे आवाज नाहीसे होण्याच्या मार्गावर आहेत, म्हणजे मठारकाम, कल्हईवाल्याचा भाता, वासुदेवाच्या चिपळ्या, ते आधी निवडून घ्यावेत आणि प्रत्येकाचा मिनिटभराचा स्वच्छ तुकडा करून ठेवावा. त्यासाठी मोबाइल पुरेसा आहे, की वेगळे यंत्र घ्यावे? ध्वनिमुद्रण चालता चालता करावे, की एका जागी थांबून? आणि रस्त्यावरील माणसांचे बोलणे त्यात येणारच. त्याचे काय करावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

ध्वनिमुद्रक, ठाणे

आपला संकल्प मनापासून आवडला. मी चित्रपटांसाठी चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रण करतो, त्यामुळे यंत्राच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

मोबाइलने आरंभ करायला हरकत नाही, परंतु मोबाइल आवाजाचे काय करतो हे ठाऊक असलेले बरे. समोरच्या माणसाचे बोलणे स्पष्ट पोहोचावे या हेतूने त्याची घडण झालेली असते. त्यामुळे मोठा आवाज आला की तो आपण होऊन पातळी खाली ओढतो, शांत झाले की वर उचलतो, आणि एकसारखा चालू असलेला आवाज गोंगाट समजून शक्य तितका पुसून टाकतो. आपण मठारकाम एकदा मोबाइलवर घ्या आणि हेडफोन लावून नीट ऐका. हातोडीचा घाव बसताक्षणी मागची सगळी आळी दबते, पुढचा घाव पडेपर्यंतच्या एवढ्याशा अवकाशात ती हळूहळू वर येऊ लागते, आणि पुन्हा दबते. घावाची धार बोथट झालेली असते. पंखा, पॉलिशच्या यंत्राची घरघर, लांबच्या रहदारीची गाज यांतले बरेचसे तर नाहीसेच झालेले असते. ज्यांना आपण रोजचे आवाज म्हणता, नेमके तेच मोबाइल गाळून टाकतो. काही ॲपमध्ये ही आपोआप पातळी बदलण्याची सोय बंद करता येते. ती बंद करावी, फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि फाइल वेव्ह स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता, ठेवावी.

शक्य असेल तर झूम किंवा टॅस्कॅम या कंपन्यांचा हातात मावणारा रेकॉर्डर घ्यावा. तो 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर लावला की स्टिरिओ ध्वनिमुद्रणाला मिनिटाला सुमारे 17 एमबी, म्हणजे तासाला साधारण 1 जीबी जागा लागते. आजच्या कार्डांच्या मानाने ही काही फार नव्हे. एरवी आवाजाची सर्वांत उंच टोके उणे 12 डेसिबलच्या आसपास, म्हणजे यंत्राच्या कमाल मर्यादेच्या 12 डेसिबल खाली, राहतील अशी पातळी ठेवतात, पण मठारकामासाठी उणे 18 ठेवा, कारण एखादा घाव अनपेक्षितपणे जोरात बसतो आणि एकदा फाटलेला आवाज मागाहून सांधता येत नाही. 32 बिट फ्लोटची (फार मोठा आवाजही न फाटता साठवणारी) नवी यंत्रे ही चिंता बरीच कमी करतात. तरीही माइकच्या सोसण्याला मर्यादा असतेच, तेव्हा ऐरणीला अगदी खेटून उभे राहू नका. माइकवर फोमचे आवरण पुरत नाही. लांब केसांचे आवरण हवेच, कारण आपण साध्या गतीने चाललो तरी माइकला वारा लागतो.

खालचे स्वर कापणारे लो-कटचे बटण रस्त्यावर बंद ठेवावे असे माझे मत आहे. अनेक सहकारी याच्या उलट सांगतील. बसचा आणि मेट्रोच्या कामाचा घुमारा त्याच खालच्या पट्ट्यात असतो. घरी आल्यावर तो कापता येतो, परंतु मुळात घेतलाच नाही तर परत आणता येत नाही.

चालण्याविषयी म्हणाल, तर फेरी मारताना नुसते ऐकावे, जागा हेरून ठेवाव्यात, आणि ध्वनिमुद्रण मात्र त्या जागी स्वस्थ उभे राहून करावे. चालताना आपली चप्पल, बाहीची सळसळ, पिशवीतील किल्ल्या हेच आवाज पुढे येतात. एका जागी निदान दहा मिनिटे थांबा. सुरुवातीला लोक यंत्राकडे पाहतात आणि बोलणे आखडते घेतात. थोड्या वेळाने त्यांना आपला विसर पडतो आणि आळी आपल्या चालीने चालू लागते. बोळातून चौकात बाहेर पडताना आवाज एकदम उघडतो, तो बदल टिपायचा असेल तरच चालत चालत घ्यावे, आणि तेव्हा मऊ तळव्याचे बूट घालावेत.

बर्नबीवासी

वरील उत्तराला माझी एक पुस्ती. मी मूळची सदाशिव पेठेतील असून सध्या कॅनडात व्हँकुव्हरजवळ बर्नबी येथे राहते. इथल्याच सायमन फ्रेझर विद्यापीठात संगीतकार आर. मरे शेफर यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस परिसरातील आवाजांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, आणि त्यांच्या गटाने 1973 मध्ये व्हँकुव्हरचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. त्यात बंदरावरील धुक्याचे भोंगे आहेत. स्टॅन्ली पार्कमधील जी तोफ आजही रोज रात्री 9 वाजता सुटते, तीही आहे. शेफर अशा आवाजांना त्या जागेच्या खुणा मानत. पण ज्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि ज्यांच्या पार्श्वभूमीवरच बाकीचे सारे ऐकू येते, अशा आवाजांनाही ते तितकेच महत्त्व देत; समुद्रकाठच्या गावात लाटांचा आवाज असतो तसे.

म्हणूनच ‘निवडून स्वच्छ तुकडा’ या आपल्या बेताबद्दल मला आग्रहाने सांगावेसे वाटते की तसे करू नये. कल्हईवाला एकटा, मागचे सगळे वगळून, मिनिटभर ऐकला तर कल्हई कशी वाजते एवढेच कळेल. त्याच्या भात्याचा आवाज कोणत्या रस्त्यावर, कशाकशातून वाट काढीत आपल्या खिडकीपर्यंत पोहोचत होता, हे कळणार नाही. शिवाय काय नाहीसे होणार हे आपल्याला आज नक्की सांगता येत नाही. ज्या रिक्षा, ज्या दुचाकी आज नकोशा वाटतात, त्यांचीही जागा विजेवरची वाहने घेत आहेत. पेट्रोलच्या स्कूटरला किक मारण्याचा आवाज तरुण मुलांनी आताच फारसा ऐकलेला नसतो.

दुसरे म्हणजे पुन्हा त्याच जागी जाणे. याच गटाने 1975 मध्ये स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि स्कॉटलंडमधील एकेका खेड्याचे आवाज नोंदवले होते. सुमारे पाव शतकानंतर फिनलंडच्या अभ्यासकांनी त्याच पाच खेड्यांत जाऊन पुन्हा काम केले. तुलना करता आली ती पहिल्या मंडळींनी जागा, वेळ आणि परिस्थिती लिहून ठेवली होती म्हणून. आपणही चार-पाच जागा ठरवा आणि प्रत्येक ऋतूत त्याच वेळी, त्याच दिशेला तोंड करून उभ्या राहा.

आळीचा शेजारी

माझे सारे आयुष्य तांबट आळीच्या शेजारी गेले, म्हणून मठारकामाविषयी थोडे लिहितो.

मठारण्याने भांड्यावर नुसती चकाकी येत नाही, घाव बसून बसून तांबे कडक होते आणि भांडे टिकते. त्यामुळे कारागीर घाव एकाला एक लागून, ओळीने घालीत जातो. भांडे आतून लोखंडी दांड्यावर टेकवलेले असते, उजव्या हातात हातोडी, आणि डावा हात प्रत्येक घावानंतर भांडे तसूभर फिरवतो. कान देऊन ऐकले तर दोन घावांच्या मध्ये भांडे दांड्यावर सरकल्याची बारीक खरखर येते. रस्त्यावरून ती कधीच ऐकू येत नाही, दुकानाच्या उंबऱ्याशी ऐकू येते. बुडाशी घाव बसतो तेव्हाचा आवाज आणि काठाशी येतो तेव्हाचा आवाज वेगळा असतो, आणि दोन-तीन दुकानांत एकाच वेळी काम चालू असले की त्यांच्या लयी जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. हे दहा मिनिटांतही पुरते कळत नाही. एक भांडे हाती घेतल्यापासून खाली ठेवीपर्यंत सगळे घ्यावे. आधी कारागिराला विचारावे, मोबदला घेणार का तेही विचारावे, आणि झाल्यावर त्याला ते ऐकवावे. कामाच्या वेळी मध्ये बोलून त्याचा हात थांबवू नये.

उन्हाळ्यात जमल्यास दुपारच्या सुमाराला या. पेठेतील पिंपळ-उंबरांवर तांबट पक्ष्याचे टुक-टुक सुरू असते आणि खाली हातोड्या चालू असतात. दोन्ही एकाच ध्वनिमुद्रणात येतील. गणपतीच्या आधीचे काही आठवडे ढोल-ताशांच्या सरावामुळे संध्याकाळी दुसरे काही टिपता येणार नाही, तेव्हा सरावच टिपावा, कारण तोही पेठेचाच आवाज आहे.

आणि वाड्यांकडे लक्ष द्या. आमच्या समोरचा वाडा उतरवला तेव्हा मला प्रथम जाणवले की आळीचा आवाज भिंतींवरही अवलंबून असतो. पूर्वी दोन्ही बाजूंना विटा, माती आणि लाकूड असल्याने घाव अंगाशी राहत असे. आता एका बाजूला काँक्रीट आणि तळमजल्यावर मोकळे पार्किंग आहे, तिथून तो मोठा होऊन परत येतो. जो वाडा पाडण्याचे ठरले आहे, त्याच्या चौकात उभे राहून, कोणीही काही करत नसतानाचे ध्वनिमुद्रण अवश्य करावे. ती जागा गेली की तसा आवाज दुसरीकडे कुठे मिळत नाही.

कसबेकर

सर्वांची अत्यंत आभारी आहे. तुकड्यांचा बेत सोडला. आमच्याच ओळखीच्या एका वाड्याच्या मालकांनी चौकात ध्वनिमुद्रण करण्यास होकार दिला आहे. तेथे पंधरा दिवसांत काम सुरू होणार असल्याने आधी तेच करीन. माणसांच्या बोलण्याबद्दल आणि फाइली कशा ठेवाव्यात याबद्दल मात्र अजून विचारायचे आहे.

ध्वनिमुद्रक, ठाणे

वाड्याला अग्रक्रम देणे योग्यच. तेथे पहाटे, दुपारी आणि रात्री असे तीनदा जा, कारण चौकात शिरणारा बाहेरचा आवाज प्रत्येक वेळी निराळा असतो. सुरुवातीला तारीख, वेळ, नेमकी जागा आणि आपले तोंड कोणत्या दिशेला आहे हे आपल्याच आवाजात बोलून ठेवा. कागदावरची टिपणे हरवतात, फाइलमध्ये बोललेले फाइलसोबत राहते. कुठे कोणते दार आहे, पंप कोणत्या बाजूला आहे, हेही सांगा, म्हणजे ऐकणाऱ्याला डावे-उजवे कळेल.

बोलण्याविषयी मी असा नियम पाळतो : गर्दीत मिसळलेले, कोणाचे ते न कळणारे बोलणे राहू द्यावे, मंडई त्याशिवाय मंडई नाही. ज्याच्याशी आपण उभे राहून बोललो, त्याची संमती ध्वनिमुद्रणातच घ्यावी. आणि खिडकीतून आलेले घरातले भांडण, कोणी फोनवर सांगितलेला क्रमांक किंवा आजारपणाची हकीकत चुकून आली, तर तो भाग कोणालाही ऐकवण्यापूर्वी काढून टाकावा. दुकानातील रेडिओवर चित्रपटगीत चालू असेल तर ते ध्वनिमुद्रण घरी ठेवायला अडचण नाही, पण इंटरनेटवर चढवताना स्वामित्वहक्काची हरकत येऊ शकते.

मूळ वेव्ह फाइलला कधी हात लावू नका. काटछाट करायची ती प्रतीवर करा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि नंतर जागा लिहिली की सगळे आपोआप कालक्रमाने लागते. दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवा. मित्रमंडळींना व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आवाज दाबून लहान केला जातो. पुढे सर्वांसाठी खुले करायचे झाल्यास रेडिओ अपोरी या संकेतस्थळावर जगाच्या नकाशावर नेमक्या ठिकाणी ध्वनिमुद्रण ठेवता येते. फ्रीसाउंड हेही चांगले आहे. वर्णन मराठीतही लिहा, म्हणजे पेठेतील माणसांना ते शोधता येईल.

वाड्याच्या कामाला पंधराच दिवस असतील, तर नव्या यंत्राची वाट पाहू नका. मुंबई-पुण्यात रेकॉर्डर दिवसाच्या भाड्याने मिळतो, आणि तोही जमला नाही तर मोबाइलची आपोआप पातळी बंद करून, फोन हातात न धरता एखाद्या घडी घातलेल्या पंचावर ठेवून ध्वनिमुद्रण करा.