मुलीला पायलट करायचंय, बी.एस्सी. एव्हिएशन घ्यावं की नुसतं सीपीएल (पायलटचं लायसन्स)?

विटेकर_बाबा:
नमस्कार मंडळी, मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, पीसीएम ग्रुप, फिजिक्स मॅथ्सला मार्क चांगले आहेत आणि आठवीपासून तिचं एकच, मला विमान चालवायचंय. आम्ही विट्याकडचे, थोडी द्राक्षबाग आणि माझी झेडपीची नोकरी, या लायनीतलं ओळखीचं कुणीच नाही म्हणून इथं विचारतोय.

एका खाजगी युनिव्हर्सिटीतून सारखे फोन येतायत की तीन वर्षांत बी.एस्सी. एव्हिएशनची डिग्री आणि सीपीएल दोन्ही हातात, प्लेसमेंट १०० टक्के, फक्त सीट पकडायला याच आठवड्यात २ लाख भरा. मेहुणा डॅलसला असतो, तो म्हणतो इकडं अमेरिकेत एम्ब्री-रिडलसारख्या युनिव्हर्सिटीत टाका, चार वर्षांत पक्की पायलट होऊन बाहेर पडेल. भाचा म्हणतो डिग्रीच्या भानगडीत पडूच नका, बारामती नाहीतर धुळ्याला फ्लाइंग स्कूलला घाला आणि मोकळे व्हा. आता तिघं तीन दिशेला. मला एवढं सांगा की डिग्री लागतेच का, खर्च खरा किती धरायचा, आणि तिला चष्मा आहे (दोन नंबर) त्यानं काही अडतं का. कर्ज काढायचं म्हटलं तर जमीन तारण द्यावी लागणार, तेव्हा नीट समजून घेऊनच पाऊल टाकायचंय.

गोंदिया_ते_ए३२०:
दादा, आधी ते २ लाख भरू नका. सीट कुठं पळून जात नाही.

मी गोंदियाला बिर्सी विमानतळावर ट्रेनिंग केलं आणि आता एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे. डिग्री आणि लायसन्स या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. डिग्री युनिव्हर्सिटी देते, सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स फक्त डीजीसीए (केंद्राचं विमान वाहतूक महासंचालनालय) देतं, आणि डीजीसीएला तुमच्या मुलीकडून बारावी फिजिक्स मॅथ्सच पाहिजे, डिग्री नाही. एअरलाइनवालेही फ्रेशर घेताना लायसन्स, तास, मेडिकल आणि त्यांची स्वतःची परीक्षा बघतात. माझ्या बॅचला निम्म्याहून जास्त लोकांकडे डिग्री नव्हती आणि त्यावरून कुणाचं काही अडलं नाही.

सीपीएलला काय लागतं ते लिहून ठेवा. एकूण २०० तास फ्लाइंग, त्यातले १०० तास पायलट इन कमांड म्हणजे विमानाची जबाबदारी तिची एकटीची, त्यात २० तास क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दूर दुसऱ्या ठिकाणी) आणि त्यातलं एक उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचं, मधे दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय रात्रीचे ५ तास आणि इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता फक्त यंत्रं बघून उडवायचे) तास वेगळे. पेपर पण आहेत, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के पाहिजेत, आणि रेडिओवर बोलायच्या लायसन्सची आरटीआर परीक्षा. कुठलीही युनिव्हर्सिटी घ्या, यातला एक तास पण कमी होत नाही.

आणि सगळ्यात आधी मेडिकल!! क्लास टू (सुरुवातीची तपासणी) करा डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडं, मग क्लास वन (सीपीएलला लागणारी मोठी तपासणी). क्लास वन झाल्याशिवाय कुणालाच मोठी रक्कम देऊ नका. दोन नंबरचा चष्मा चालतो, चष्म्यानं नजर नीट येत असेल तर काही टेन्शन नाही, पण रंग ओळखायची टेस्ट असते ती आधीच गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं करून घ्या, तिथं अडलं तर नंतर फार त्रास होतो.

फ्लोरिडात_मराठी:
मेहुण्यांचं म्हणणं चुकीचं नाहीये पण ते अमेरिकेत राहणाऱ्या मुलांसाठी खरं आहे.

इथं असं आहे की २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायला सुद्धा १५०० तास लागायला लागले. पण मान्यता असलेल्या युनिव्हर्सिटीतून एव्हिएशनची चार वर्षांची डिग्री केली, त्यात ठरलेली क्रेडिट्स घेतली आणि फ्लाइंग तिथंच केलं तर १००० तासांवर चालतं. एम्ब्री-रिडल, पर्ड्यू, नॉर्थ डकोटा इथं इथली पोरं गर्दी करतात त्याचं मोठं कारण हेच, ५०० तास वाचतात म्हणजे वर्षभर आधी नोकरी आणि सिनियॉरिटी.

पण ही ५०० तासांची सूट भारतात काही कामाची नाही. आपल्याकडे २०० तासांच्या सीपीएलवर को-पायलट होता येतं आणि पुढे कॅप्टनच्या लायसन्सला १५०० तासच लागतात, तिथं डिग्रीची सूट नाही. इथं नोकरी करायची तर ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप, बहुतेक एअरलाइन व्हिसा स्पॉन्सर करत नाहीत. स्टुडंट व्हिसावर आलेली मुलं शिक्षण झाल्यावर वर्षभर इन्स्ट्रक्टर म्हणून तास वाढवतात आणि मग बहुतेकांना परतावं लागतं. आणि युनिव्हर्सिटीचं ट्युशन, राहणं आणि फ्लाइंगची वेगळी फी असं चार वर्षांचं धरलं तर अडीच लाख डॉलरच्या वरच जातं, रुपयात तुम्हीच करा.

अमेरिकेतच शिकायचं असेल तर नुसत्या फ्लाइंग स्कूलला येऊन सीपीएल करून परत जाणं हा वेगळा रस्ता आहे, बरेच भारतीय तेच करतात, त्यात डिग्री नाही आणि वेळही कमी लागतो. फक्त एक बघा. इथं पार्ट १४१ च्या (अमेरिकी सरकारनं मंजूर केलेल्या कोर्सच्या) स्कूलमध्ये १९० तासात सीपीएल मिळू शकतं, आणि भारतात लायसन्स कन्व्हर्ट करताना डीजीसीए एकूण २०० आणि त्यातले १०० पायलट इन कमांडचे तास मोजतं. १० तास कमी पडले की ते परत पैसे भरून उडवायचे, म्हणून निघायच्या आधीच तासांचा हिशोब स्कूलकडून लेखी घ्या. आणि भारताचं क्लास वन मेडिकल करूनच विमानात बसा.

धुळ्यातली_आई:
ताई दादा सगळ्यांना नमस्कार. माझा मुलगा आत्ता शिकतोय म्हणून पालक म्हणून सांगते. (स्कूलचं नाव लिहित नाही.)

फीचा आकडा सगळे विचारतात पण खरा प्रश्न महिन्याला किती तास मिळणार हा आहे. आमच्या मुलाचा सोलो (पहिलं एकट्यानं उड्डाण) झाला, आम्ही पेढे वाटले, आणि त्यानंतर दोन इन्स्ट्रक्टर दुसरीकडे गेले आणि पोरं नुसती रोज सकाळी साडेपाचला युनिफॉर्म घालून बसायची आणि अकराला रूमवर परत. रूमचं भाडं, मेसचं बिल, बँकेचं व्याज सगळं चालूच. त्यात सोलोनंतर जास्त गॅप पडला की परत इन्स्ट्रक्टरबरोबर चेक फ्लाइट, त्याचे पैसे पण आपलेच.

म्हणून दादा तुम्ही स्वतः जाऊन बघा, मुलीला घेऊन, आणि सकाळी सहाच्या आत पोचा. ऑफिसात एसीत बसवून ब्रोशर दाखवतील ते नंतर बघा, आधी हँगर बघा. वेबसाईटवर १० विमानं असतात, हँगरमध्ये त्यातली किती उडण्यासारखी आहेत, कुठल्याचं इंजिन काढून ठेवलंय, कुठलं धूळ खातंय ते डोळ्यांनी दिसतं. ब्रीफिंग रूममध्ये बोर्ड असतो, आज कुठलं विमान, कोण विद्यार्थी, कोण इन्स्ट्रक्टर, किती वाजता, त्याचा फोटो काढा. आणि एखाद्या विद्यार्थ्याला चहा पाजून त्याची लॉगबुक बघायला मागा. तारखा बघायच्या. १२ तारीख, १३, १५, १६ अशा लागोपाठ नोंदी असतील तर स्कूल चालतंय. आणि ४ ऑगस्टनंतर थेट २९ नोव्हेंबर असं असेल तर काय समजायचं ते समजा. पावसाळ्यात फ्लाइंग कमी होतं हे सगळीकडेच आहे, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीतही गॅप असेल तर तिथं जाऊच नका.

मुली बऱ्याच आहेत हो तिथं, काळजी करू नका. आपल्या देशात साधारण १५ टक्के पायलट बायका आहेत, जगात एवढं प्रमाण फार कमी ठिकाणी आहे.

विटेकर_बाबा:
फार उपकार झाले सगळ्यांचे. त्या युनिव्हर्सिटीवाल्याला आज सांगितलं की आधी मेडिकल, मग बोलू. तो म्हणाला मेडिकल आमच्याकडं आल्यावर करू.

अजून दोन विचारतो. डिग्री नको म्हटलं तर उद्या देव न करो मेडिकलमध्ये काही निघालं तर पोरीच्या हातात फक्त बारावी राहणार, त्याचं काय? आणि ते सरकारी इग्रुआ म्हणतात ते कसं आहे?

ग्राउंड_मास्तर:
मी पुण्यात डीजीसीएच्या पेपरांचे क्लास घेतो, त्यामुळे रोज अशीच मुलं समोर असतात. तुमचा पहिला प्रश्न अगदी योग्य आहे आणि खरं तर डिग्री घ्यायचं कारण हेच असायला पाहिजे, पायलट होण्यासाठी नाही, तर पायलटगिरी थांबली तर म्हणून. पण मग त्या कामाला कुठली डिग्री उपयोगी ते बघा. एअरपोर्ट अथॉरिटीच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या भरतीला फिजिक्स मॅथ्स घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग मागतात. म्हणजे साधी आपली सांगलीच्या कॉलेजातली बी.एस्सी. फिजिक्स त्यांच्या दारात चालते, आणि एव्हिएशनच्या बी.एस्सी.त फिजिक्स मॅथ्स किती आहे हे सिलॅबस मागवून तपासल्याशिवाय कळत नाही. बी.एस्सी. एव्हिएशन वाईटच असं मी म्हणणार नाही, मुंबई युनिव्हर्सिटीची आहे, बॉम्बे फ्लाइंग क्लबकडून होते, तो क्लब १९२८ चा आहे आणि त्यांचं फ्लाइंग धुळ्याला चालतं. तिथं डिग्रीचे विषय आणि डीजीसीएचे पेपर बऱ्यापैकी सारखेच असल्यानं मेहनत दुप्पट होत नाही. पण ज्या युनिव्हर्सिटीकडे स्वतःचं विमानच नाही, दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी स्कूलशी नुसता करार आहे, तिथं डिग्रीच्या फीला फी आणि फ्लाइंगला परत तीच रांग. अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही, आपल्याकडे उडायला सगळ्यात चांगलं हवामान ऑक्टोबर ते मार्च आणि कॉलेजची सेमिस्टर परीक्षा पण त्यातच येते. मुलं हजेरीसाठी कॉलेजात अडकलेली आणि तिकडं विमान मोकळं उभं, असं बघितलंय.

त्यापेक्षा नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नाहीतर इग्नूतून डिग्री चालू ठेवा, फी किरकोळ आहे, परीक्षा वर्षातून ठरलेल्या वेळी, फ्लाइंगला धक्का लागत नाही. एटीसीला मुक्त विद्यापीठाची बी.ए. चालणार नाही हे लक्षात असू द्या, पण बँक, एमपीएससी, यूपीएससी, सगळीकडं ग्रॅज्युएट म्हणून उभं राहता येतं.

इग्रुआ म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, उत्तर प्रदेशात फुरसतगंजला, १९८५ ची. केंद्र सरकारची आहे, फी ४५ लाखांच्या आसपास, वर राहणं. प्रवेश परीक्षा असते, बारावीच्या पातळीचं इंग्रजी, मॅथ्स, फिजिक्स, रिझनिंग, मग मुलाखत आणि ॲप्टिट्यूड टेस्ट. पोरीचे मार्क चांगले आहेत म्हणताय तर ही परीक्षा द्यायलाच लावा. थंडीत तिकडं धुकं पडतं आणि फ्लाइंग थांबतं, हे धरून चाला. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीत बसत असाल तर महाज्योतीनं (या वर्गांसाठीची राज्य सरकारची संस्था) सीपीएलची योजना काढली होती, नवीन जाहिरातीवर लक्ष ठेवा.

आणि २०२५ पासून डीजीसीएनं फ्लाइंग स्कूलांना ए प्लस, ए, बी, सी अशी ग्रेड द्यायला सुरुवात केलीय, एप्रिल आणि ऑक्टोबरला. पहिल्या यादीत ए प्लस किंवा ए एकालाही मिळाली नाही, सगळे बी आणि सी. म्हणून कुणी आम्ही नंबर वन म्हटलं की ती यादी काढून समोर ठेवा.

माझ्या अनुभवानं सांगतो, पेपर आधी काढा. मेडिकल झालं, कॉम्प्युटर नंबर (डीजीसीएच्या परीक्षेचा नोंदणी नंबर) आला की पुण्यात, मुंबईत नाहीतर दिल्लीला द्वारकेत कुठंही क्लास लावून नेव्हिगेशन, मेट, रेग्युलेशन पास व्हायचं आणि मगच फ्लाइंगचे मोठे पैसे. पेपर अडकलेली पोरं स्कूलला जाऊन ना धड उडतात ना धड अभ्यास करतात. आणि पेपर झाले की तिला स्वतःलाही कळेल आपल्याला हे खरंच आवडतंय का, तोपर्यंत खर्च लाखाच्या घरातच असतो, जमिनीला हात लागत नाही.

गोंदिया_ते_ए३२०:
मास्तरांचं पेपरचं म्हणणं १०० टक्के बरोबर. खर्चाचं राहिलं होतं म्हणून परत लिहितो. सीपीएल झालं की काम संपलं असं कुणी सांगत नाही पण सगळे तसंच वागतात. एअरबस नाहीतर बोईंगचं टाइप रेटिंग (त्या ठराविक विमानाचं ट्रेनिंग) वेगळं, ते कंपनीनं नाही दिलं तर स्वतःचे १५-२० लाख परत. म्हणून भारतात सगळं मिळून ७० लाख ते १ कोटी डोक्यात धरा आणि लायसन्सनंतर वर्ष दोन वर्ष नोकरीशिवाय निघतील एवढी ताकद ठेवा. एअरलाइनचे कॅडेट प्रोग्राम असतात, महाग असतात, पण त्यात निवड आधी होते आणि ट्रेनिंग नंतर, एवढा फायदा आहे. करारात नोकरीबद्दल नेमकं काय लिहिलंय ते वकिलाकडून वाचून घ्या.

मागणी आहे का, तर आहे. २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर दिली, ती विमानं हळूहळू येतायत. पण एप्रिल २०१९ ला जेट बंद पडली आणि मे २०२३ ला गो फर्स्ट, तेव्हा हजारो तासांचे अनुभवी लोक एका रात्रीत बाजारात आले आणि २०० तासांच्या फ्रेशरला कुणी विचारेना. तुमची मुलगी लायसन्स घेऊन बाहेर पडेल तेव्हा यातला कुठला काळ असेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि जो १०० टक्के प्लेसमेंट म्हणतो त्याला ते लेटरहेडवर लिहून द्यायला सांगा.

पैसे भरताना एकरकमी कधीच नाही. तासाप्रमाणे हप्ते पाडून घ्या, समजा ४०-५० तासांचे भरले, ते उडून झाले की पुढचे. रिफंडचा क्लॉज लेखी, किती महिन्यात किती तास देणार ते लेखी, विमान बंद असेल तर काय तेही लेखी. बँकेलाही सांगा की लोन टप्प्याटप्प्यानं सोडा, तेवढंच व्याज वाचतं. आणि मेडिकलची तारीख मिळाली की इथं टाका, क्लास वनला काय काय टेस्ट करतात आणि आदल्या दिवशी काय खाऊ नये ते सांगतो.