फुलगळ, तिखटपणा आणि हातमोजे
कॅरोलिना रीपर या अतितिखट मिरचीच्या झाडाला फुले भरपूर येऊनही फळ धरत नाही, या तक्रारीत दोष बहुधा खताच्या कमतरतेचा नसून उष्णतेचा असावा. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि रात्रीही गारवा नसला, तर परागकण निकामी होऊन फुले गळतात. अशा वेळी कुंडी दुपारच्या सावलीत हलवावी आणि नत्रयुक्त खत थांबवावे, कारण त्याने नुसता पालाच माजतो. तिखटपणा बियांत असतो, हा समजही बरोबर नाही. तिखटपणा आणणारे कॅप्सायसिन हे द्रव्य बिया धरून ठेवणाऱ्या फिकट गरात तयार होते. फळे तोडताना हातमोजे घालावेतच (मी एकदा टाळले, आणि डोळ्यांनी ते दिवसभर भोगले). हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नसल्यामुळे हात आधी तेलाने चोळून मग साबणाने धुवावेत.