मित्र, कुत्री आणि दोन मुक्कामांचा डोंगर: सल्ला हवा आहे

पायवाट
आम्ही चौघे मित्र डोंगरात दोन मुक्काम करायचं ठरवतोय. तंबू, शिधा, स्टोव्ह, सगळं पाठीवर. तिघांकडे कुत्री आहेत आणि तिघांनाही ती बरोबर हवी आहेत. माझी सात वर्षांची लॅब्रॅडॉर (28 किलो, रोज भरपूर चालते), एका मित्राचा दहा महिन्यांचा जर्मन शेफर्ड आणि दुसऱ्याचा चार वर्षांचा पग. दिवसभराच्या चढाया कुत्र्यांसोबत झाल्या आहेत, मुक्काम मात्र पहिलाच.

तिघांनाही न्यावं का? त्यांच्या पाठीवर सॅक चालेल का? पाण्याचा हिशोब कसा करायचा? रात्री तंबूत घ्यायचं की बाहेर? मित्राला तोंडावर 'तुझा नको' म्हणणं जड जातंय, म्हणून इथे विचारतोय. स्पष्ट लिहा, राग येणार नाही.

रानभूल
स्पष्टच लिहिते. पग नेऊ नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी फक्त पंजाच्या तळव्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं. पगचं नाक बसकं, श्वासमार्ग आखूड आणि अरुंद, त्यामुळे तो कितीही धापला तरी शरीर पुरेसं थंड होत नाही. सपाटीवर, सावलीत तो मजेत फिरेल. उन्हातल्या खड्या चढावर त्याचा जीव धोक्यात येतो, आणि तिथून दवाखाना काही तासांवर असतो.

शेफर्डचं दुखणं वेगळं. दम आहे, पण हाडं अजून वाढताहेत. मोठ्या जातींमध्ये हाडांच्या टोकाची वाढीची कूर्चा पक्की व्हायला दीड वर्षापर्यंत लागू शकतं. सलग तीन दिवस चढ-उतार, त्यात दगडांवरून उड्या, हे आत्ता नको. उतार चढापेक्षा वाईट, कारण सगळा भार पुढच्या पायांवर येतो. त्याला पुढच्या वर्षी न्या.

कडेकपारी
रानभूल यांना अनुमोदन. शेफर्डबद्दल मी थोडा मवाळ आहे: एकच मुक्काम, कमी अंतर आणि पाठीवर काहीही नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवून विचार करता येईल. दोन मुक्काम नकोच.

सॅकबद्दल. निरोगी, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला सुरुवातीला वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत ओझं द्यावं. तुमच्या लॅबला म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. सरावलेली कुत्री यापेक्षा जास्त नेतात, पण पहिल्या मुक्कामाला तो विचार नको. आधी रिकामी सॅक घालून फिरवा, मग हळूहळू भरा. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं, नाहीतर सॅक कलते आणि काखेत पट्टा घासून कातडी सोलवटते. आणि तिचं पाणी, तिचं खाणं सगळं तिच्याच पाठीवर टाकू नका. ती दमली की ते ओझं तुमच्याकडे येणार, तेवढी जागा स्वतःच्या सॅकमध्ये मोकळी ठेवा.

झरा
पाण्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो.

आरामात असलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिली पाणी लागतं. 28 किलोच्या कुत्रीला झालं दीड लिटर. चालताना, उन्हात, ते सहज दुप्पट होतं. म्हणजे तीन लिटर, म्हणजेच तीन किलो जास्तीचं वजन. चौघांचं पाणी वेगळं. म्हणून वाट निवडताना नकाशावर आधी पाणी शोधा, शिखर नंतर. ज्या टप्प्यात पाणी नाही तो पहाटे उरकायचा.

तहान लागायची वाट न बघता थोड्या थोड्या वेळाने घोट घोट द्या. साचलेल्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. प्राण्यांच्या मूत्रातून तिथे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू असू शकतात, शिवाय जियार्डिया या आतड्यातल्या परजीवीचे जुलाब. जे पाणी तुम्ही गाळून पिता तेच तिला. लेप्टोच्या लसीचे सुरुवातीचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने देतात, त्यामुळे ती घेतली नसेल तर निघायच्या आधी दीड-दोन महिने हालचाल करा.

रानभूल
झरा यांच्या प्रतिसादाला जोडून, उष्माघाताची लक्षणं चौघांनाही पाठ हवीत. न थांबणारी धाप, चिकट घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. 41 च्या वर गेलं की अवयवांना इजा होते. असं दिसलं की सावलीत न्या, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. आधी थंड करणं, मग खाली नेणं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. बरी वाटली तरी डॉक्टरांना दाखवाच, आतली इजा नंतर दिसू शकते.

मोकळा वारा
दोरीचा विषय कोणी काढला नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. माझा कुत्रा पट्ट्याशिवायच चालतो, हाक मारली की येतो. तीन दिवस दोरीला बांधून नेलं तर त्याला काय आनंद? मोकळ्या माळावर सोडावंच.

कडेकपारी
मोकळा वारा, तुमचा कुत्रा शहाणा असेल, पण भेकर समोरून उसळलं की हाक कानात शिरत नाही. कड्याजवळ तर एक क्षण पुरतो. मेंढ्यांचे कळप असतील तिथे राखणीची कुत्री असतात. ती आपल्या कुत्र्याला पाहुणा मानत नाहीत, त्यांना लांबून वळसा घाला.

शिवाय रोगांचा मुद्दा आहे. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटी अभयारण्यातले साधारण एक तृतीयांश सिंह डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाने गेले, आणि तो विषाणू मुळात आसपासच्या वस्त्यांमधल्या कुत्र्यांकडून आल्याचं मानलं जातं. अनेक राखीव जंगलांत कुत्र्यांना बंदी असते, त्यामागे अशीच कारणं असतात. तेव्हा पायवाट, आधी परवानगी विचारा, मग तारीख ठरवा.

एक बारीक गोष्ट: कमरेला बांधायची दोरी चढावर छान, पण उताराला ती सोडून हातात धरा. कुत्रीने खारीमागे झेप घेतली तर तुम्ही तोंडावर आपटाल.

मोकळा वारा
विषाणूचा विचार मी केला नव्हता. पटलं. लांब दोरी वापरून बघतो.

गवतफूल
रात्रीचं लिहिते. तंबूतच घ्या. बाहेर बांधलेली कुत्री रात्रभर भुंकते, थंडीने कुडकुडते आणि बिबट्याच्या मुलखात तर ती सरळ भक्ष्य असते. झोपायच्या आधी अंग पूर्ण कोरडं करा. तिच्यासाठी फोमच्या चटईचा तुकडा हवाच, गारवा जमिनीतून चढतो. नखांनी तंबूचा तळ फाटू नये म्हणून जाड कापड अंथरा.

गोचीड बघायची जागा: कानांच्या आत, पट्ट्याखाली, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल ओतणं, चटका देणं, यातलं काही करू नका.

विष्ठा पाण्यापासून किमान 60 मीटर लांब, 15 ते 20 सेंटिमीटर खोल पुरा. उघड्या खडकावर माती नसेल तर पिशवीत घालून परत आणा. आणि तुमच्या औषधांच्या डब्यातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल तिला चुकूनही नको. सुक्या मेव्याच्या पिशवीतले मनुके आणि चॉकलेटसुद्धा विषारी, ती पिशवी तिच्या नाकापासून दूर बांधा.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मित्रांना वाचायला दिला. पग घरी मित्राच्या आईकडे राहील, मित्र येतोय. शेफर्डवाल्याला वाईट वाटलं, पण तोही यायला तयार आहे. फक्त लॅब येणार. मार्ग बदलून ओढ्याच्या कडेचा घेतलाय.

एकच शंका उरली. ती मध्येच लंगडायला लागली तर? 28 किलो उचलून किती चालणार?

कडेकपारी
चौघे आहात, म्हणून जमेल. कुत्र्याला पाठीवर घेण्याची झोळी मिळते, दुमडली की मुठीएवढी होते. घरी सराव करा. पहिल्यांदाच उचलल्यावर ती धडपडते, आणि दुखत असताना आवडत्या माणसालाही चावू शकते. दर पंधरा मिनिटांनी माणूस बदला, तिचा उचलणारा सोडून बाकीच्यांनी सामान वाटून घ्या.

आणि निघण्याआधी चौघांत ठरवून टाका की परत फिरायचं एकाने म्हटलं तरी सगळे फिरणार. तिथे वाद घालायला वेळ नसतो. पायथ्याजवळच्या पशुवैद्याचा फोन नंबर चौघांकडे कागदावर लिहिलेला असू द्या, वर रेंज नसते आणि मोबाइलची बॅटरी संपते.

पायवाट
झोळी आजच मागवतो. सराव येत्या रविवारी, पगवाला मित्र पहिल्यांदा उचलणार असं त्यानेच सांगितलंय.