जिवाणू खताच्या पाकिटावर नुसतं ‘रायझोबियम’ लिहून भागतं का?

वालपापडी, कळवा

मुरबाडला आमचं एकरभर भाताचं शेत आहे. भात कापला की त्याच ओलीवर वाल आणि थोडा हरभरा टाकतो. यंदा ठाण्यातल्या एका दुकानातून रायझोबियमची, म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची, दोन पाकिटं नेली. गुळाचं पाणी करून बियाण्याला चोळलं, सावलीत सुकवलं, त्याच दिवशी पेरलं. सव्वा महिन्याने रोपं उपटून मुळं पाहिली. हरभऱ्याला बोटावर मोजण्याइतक्या गाठी, त्याही ज्वारीच्या दाण्याहून बारीक. नखाने फोडल्या तर आतून पांढरट. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते, कारण तिच्यात लेगहिमोग्लोबिन असतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतलं. रंग नाही म्हणजे नत्र बांधायचं काम चालू नाही.

वालाला मात्र टपोऱ्या, गुलाबी गाठी होत्या. आणि जिथे पाकीट लावलंच नव्हतं त्या चार ओळींतही तेवढ्याच होत्या.

घरी येऊन पाकीट पुन्हा वाचलं. ‘रायझोबियम’, वजन, तारीख, एका ग्रॅमला ५ कोटी जिवंत पेशी. कुठल्या पिकासाठी, जिवाणूचा कुठला स्ट्रेन, म्हणजे एकाच जातीतला नेमका कुठला वाण, काहीच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. स्ट्रेनचं नाव छापायलाच हवं. कडधान्याचं मूळ जमिनीत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतं. जिवाणूतलं एक जनुक त्याची चाहूल घेतं आणि ‘नॉड’ म्हणतात ती बाकीची जनुकं जागी होतात. मग जिवाणू साखरेच्या छोट्या साखळीसारखा एक रेणू रोपाकडे पाठवतो. त्या साखळीला कुठे काय जोडलंय हे त्या जनुकांवर ठरतं आणि रोप जिवाणूला आत घेणार की नाही हे त्या साखळीवर. हरभऱ्याला मेसोरायझोबियम लागतो, वालाला ब्रॅडीरायझोबियम. दोघांनाही दुकानात ‘रायझोबियम’च म्हणतात. भाताचं बियाणं घेताना आपण ‘भात द्या’ म्हणतो का? कर्जत-३ की रत्ना ते विचारतोच ना? मग इथे का नाही विचारायचं?

टोकावडेकर, मुरबाड

ताई, तुमच्याच चार ओळी तुमच्या विरुद्ध साक्ष देतायत. पाकिटाशिवाय वालाला गाठी आल्या, कारण वालाचा जिवाणू आपल्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यात पाकीट आणलं नाही. हरभरा आपल्याकडे नवखा, म्हणून त्याचा सोबती जमिनीत नाही. त्याला उपाय जुनाच आहे, ज्या शेतात हरभरा चांगला येतो तिथली चार घमेली माती आणून पसरायची.

लेबलावर काय छापलंय याने जमिनीला फरक पडत नाही. आपण चैत्र-वैशाखात भाताची रोपं टाकायच्या जागेवर राब भाजतो. शेण, कवळं, गवत, वर माती, आणि आग. तणाचं बी मरतं, राख मिळते, मान्य. पण वरच्या थरातले जिवाणूही भाजून निघतात. मी सहा वर्षं झाली राब सोडला, बांधावर गिरिपुष्प लावलं, त्याचा पाला खाचरात घालतो. पैसा आणि जीव सेंद्रिय कर्बावर खर्चा. भुकेल्या जमिनीत तुम्ही कुठलाही नामांकित स्ट्रेन सोडा, आठ दिवसांत उपाशी मरेल.

नेरूळकर

काकांशी सहमत. शिवाय चाचणीचा खर्च शेवटी पाकिटाच्या किमतीत येणार आणि तो शेतकऱ्यानेच भरायचा.

पेट्रीडिश, घणसोली

मी सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत काम करतो. आधी थोडी दुरुस्ती. खत नियंत्रण आदेश १९८५ चा, त्यात जिवाणू खतं २००६ मध्ये आली. त्यात नुसती मोजणी नाही. पाकिटावर जी पिकं लिहिली आहेत त्या सगळ्यांवर गाठी आल्या पाहिजेत, अशी अटही आहे. पिकाचं नावच नसलेलं पाकीट तुम्ही घ्यायला नको होतं. आणि बुरशीनाशक म्हणून जे जिवाणू विकले जातात, म्हणजे स्युडोमोनास, बॅसिलस, ते १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. त्यांच्या लेबलावर बारीक अक्षरांत स्ट्रेन आणि तो जिथे जपून ठेवलाय त्या जिवाणू-संग्रहातला क्रमांक बरेचदा छापलेला असतो. एकीकडे जमतं ते दुसरीकडेही जमायला हवं, इतपत वालपापडींचं बरोबर आहे. जाता जाता, ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. दुकानदार तिलाही सरसकट जिवाणू म्हणतात.

नाव का हवं त्याचं माझं उदाहरण वेगळं आहे. टेक्सासमधल्या कपाशीच्या मुळांवरून वेगळा केलेला स्युडोमोनासचा एक स्ट्रेन आहे, पीएफ-५. त्याचा संपूर्ण जनुकसंच २००५ मध्ये वाचला गेला, डीएनएच्या साधारण ७० लाख अक्षरांचा. त्यात बुरशीला मारणारी द्रव्यं बनवणारे जनुकांचे गट एकामागून एक सापडले. ‘स्युडोमोनास फ्लुरोसन्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या स्ट्रेनमध्ये त्यातला एकही गट नसू शकतो. नाव तेच, हत्यारं नाहीत.

पण नावानेही पुरं पडत नाही, आणि इथे माझं वालपापडींशी जुळत नाही. या जिवाणूंत ‘गॅक’ नावाची जनुकांची एक जोडी असते. बाकीची हत्यारं कधी बाहेर काढायची हे ती ठरवते. भरपूर अन्न घातलेल्या द्रवात जिवाणू वाढवत राहिलं की या जोडीत बिघाड झालेल्या पेशी निपजतात. द्रव्यं बनवायचा खर्च वाचतो, म्हणून त्या जोमाने वाढतात आणि चांगल्यांना मागे टाकतात. मी हे ताटलीत पाहिलंय. एका कडेला बुरशी, समोर जिवाणूची रेघ. चांगल्या जिवाणूसमोर बुरशी थबकते, मध्ये बोटभर स्वच्छ पट्टी राहते. शेजारच्या ताटलीत त्याच बाटलीतल्या, बिघडलेल्या पेशींची रेघ. बुरशीचे पांढरे धागे तिच्यावरून सरळ चालत गेलेले. हत्यारांची जनुकं दोन्हीकडे जागच्या जागी, बाटलीवर नावही एकच. म्हणून मी लेबलापेक्षा प्रत्येक बॅचच्या ताटली-चाचणीचा आग्रह धरेन.

खारफुटी, ऐरोली

मला या सगळ्याचीच भीती वाटते. आज स्ट्रेनचं नाव, उद्या जनुकं बदललेले जिवाणू. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चाऱ्याच्या पिकासाठी बाहेरचा रायझोबियम आणून सोडला होता. १९९५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्याची गाठी करणारी जनुकं, जवळजवळ ५ लाख अक्षरांचा आख्खा तुकडा, तिथल्या स्थानिक जिवाणूंनी उचलून घेतली होती. सोडलेला जिवाणू आपण परत बोलावू शकत नाही आणि त्याची जनुकं कुणाच्या घरी जाऊन राहतील तेही आपल्या हातात नाही. खाडीकाठच्या खाजणात भाताची मुळं खाऱ्या मातीत तग धरतात, त्यात तिथल्याच जिवाणूंचा वाटा असतो. त्या घडीत बाहेरचं कुणी का घालायचं?

पेट्रीडिश

भीती रास्त आहे, पण तिला उत्तरही जनुकशास्त्रानेच दिलंय. फळझाडांच्या मुळाशी गाठ करणारा ॲग्रोबॅक्टेरियम रोखायला ऑस्ट्रेलियात ॲलन केर यांनी के-८४ नावाचा निरुपद्रवी भाऊबंद वापरात आणला. तो रोगट जिवाणूला मारणारं द्रव्य बनवतो. त्या द्रव्याची आणि त्यापासून बचावाची, दोन्ही जनुकं डीएनएच्या एका फिरत्या कड्यावर असतात, जे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. कडं रोगट जिवाणूकडे गेलं तर उपायच निकामी झाला असता. म्हणून कडं दुसऱ्याकडे नेणारा भाग कापून के-१०२६ तयार केला, आणि तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे विक्रीलाही आला. बाहेरचं जनुक घातलं नाही, होतं ते काढलं. जनुकं वाचली नसती तर धोका कळलाच नसता.

खारफुटी

एका ठिकाणी नीट केलं म्हणून सगळीकडे नीट होईल हे मी मानत नाही. ज्यांनी ते कापलं त्यांनी आधी कित्येक वर्षं त्या जिवाणूचा पिच्छा पुरवला होता. आपल्याकडे पाकिटावर पिकाचं नाव छापायची मारामार आहे. आधी तेवढं होऊ दे.

सिस्टर, कळवा

मी अतिदक्षता विभागात २२ वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते. बर्खोल्डेरिया सेपेशिया नावाच्या जिवाणूंचा एक गट आहे. त्यातले काही मुळांजवळच्या बुरशीला रोखतात, रोपं वाढवतात. त्याच गटातले जिवाणू सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा जन्मजात आजार असलेल्या मुलांच्या फुप्फुसात शिरले की औषधांना दाद देत नाहीत. बाटलीत काय आहे हे नेमकं ठाऊक असणं ही माझ्या लेखी चैन नाही. शेण-गोमूत्राचं जीवामृत घरी करणाऱ्यांनाही सांगते, दमेकरी आणि लहान मुलं जवळ असताना फवारू नका, हाताला जखम असेल तर मोजे घाला.

टोकावडेकर

सिस्टर, शेणात हात घालून आमच्या तीन पिढ्या गेल्या.

सिस्टर, कळवा

काका, तुमच्या हातांना काही होत नाही म्हणून मलाही आनंद आहे. मी बोलतेय ती तुमच्या शेतावरच्या मुलांबद्दल नाही. आठव्या मजल्यावर बंद गॅलरीत कुंड्यांना फवारणी करणारी घरं आहेत इथे, आणि आतल्या खोलीत केमो चालू असलेली आजी.

वालपापडी

सगळं दोनदा वाचलं. पेट्रीडिश, गॅकचं मला माहीत नव्हतं. तेव्हा मागणी वाढवते. पीक, स्ट्रेन, आणि त्या बॅचची चाचणी कधी झाली ती तारीख, तिन्ही छापा. नेरूळकर, खर्चाचं म्हणाल तर न लागू पडणाऱ्या पाकिटाचे पैसे आणि हंगाम मी आत्ताही भरतेच आहे.

काका, मातीच्या बाबतीत मात्र माझं ऐका. दुसऱ्याच्या शेतातली चार घमेली आणली की जिवाणूंबरोबर मर रोगाची बुरशीही येते, आणि ती एकदा आली की वर्षानुवर्षं जात नाही. तरी तुमचं म्हणणं पडताळायची तयारी आहे. पुढच्या हंगामात हरभऱ्याच्या तीन ओळी करते. एक कोरी, एक स्ट्रेन छापलेल्या पाकिटाची, एक तुमच्या शेतातल्या मातीची. तुमच्याकडे मर नसेल तर.

टोकावडेकर

माझ्याकडे मर नाही, या आणि बघून घ्या. दिवाळीनंतर माती द्यायला मी मोकळा आहे. एकच सांगतो. तुम्ही लिहिलंत की रोपं उपटून पाहिली. असं करू नका. भात निघालेली जमीन घट्ट असते, उपटलं की बारीक मुळं तुटतात आणि अर्ध्या गाठी खालीच राहतात. खुरप्याने वीतभर मातीसकट ढेकूळ उचला, बादलीत भिजवा, माती आपोआप सुटू द्या, मग मोजा. हरभऱ्याला गाठी कमी दिसल्या त्यात पाकिटाचा दोष किती आणि उपटण्याचा किती, हे यंदाच्या मोजणीवरून कळणार नाही. आतून पांढऱ्या निघाल्या, तो दोष मात्र उपटण्याचा नाही. ते तुमचं मी मानतो.