अंदमान आणि मालवणसाठी पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा कोणता घ्यावा?

गोदाकाठ

नमस्कार. येत्या जानेवारीत यजमान, मी आणि सहावीत शिकणारी मुलगी असे आम्ही तिघे अंदमानला जाणार आहोत. श्रीविजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर), स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप एवढाच कार्यक्रम आखला आहे. एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग करायचे नक्की ठरले आहे. स्कूबा मात्र आमच्यापैकी कोणीही करणार नाही. मुलीचे आजोळ मालवणचे असल्यामुळे मे महिन्यात दरवर्षी तिकडे जाणे होते, तेव्हा घेतलेली वस्तू एका सहलीनंतर कपाटात पडून राहण्याची शक्यता कमी आहे.

मला व्हिडिओपेक्षा छायाचित्रांत अधिक रस आहे. मासे आणि प्रवाळ तर हवेतच, पण शहीद द्वीपावरील नैसर्गिक पुलाजवळ ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत जे लहान लहान जीव दिसतात, त्यांचीही जवळून छायाचित्रे घेता यावीत अशी इच्छा आहे. सध्या माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७, गोप्रोसारखा एखादा अ‍ॅक्शन कॅमेरा, किंवा सरळ फोनसाठी मिळणारी जलरोधक पिशवी. एका दुकानदाराने मात्र ‘१५ मीटरचा कशाला घेता, ३० मीटरवाला शोधा’ असे सांगून गोंधळात टाकले आहे. जितके मीटर जास्त तितका कॅमेरा चांगला, असे खरोखर असते का? दीर डिसेंबरात अमेरिकेहून येणार आहेत, त्यामुळे तिकडून मागवण्याचीही सोय आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मचवा

दुकानदाराचा मुद्दा आधी निकाली काढू. स्नॉर्केलिंग करणारा माणूस पाण्याच्या पृष्ठभागावरच तरंगत असतो आणि श्वास रोखून खाली सूर मारला, तरी आपल्यासारखे हौशी लोक दोन-तीन मीटरपलीकडे सहसा जात नाहीत. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचे आकडे पाहिले, तर पेन्टॅक्स डब्ल्यूजी-९० हा १४ मीटरपर्यंत, टीजी-७ हा १५ मीटरपर्यंत, पेन्टॅक्स डब्ल्यूजी-८ हा २० मीटरपर्यंत, निकॉन कूलपिक्स डब्ल्यू३०० हा ३० मीटरपर्यंत आणि पॅनासॉनिक ल्युमिक्स एफटी७ हा ३१ मीटरपर्यंत चालतो. म्हणजे यांतला सर्वांत कमी आकडासुद्धा तुमच्या गरजेच्या कितीतरी पट आहे. हे आकडे स्थिर पाण्यातील दाबाचे असतात, त्यामुळे कॅमेरा हातात धरून होडीवरून उडी मारली, तर पाण्यावर आपटताना क्षणभर त्याहून वेगळा दाब पडू शकतो. कॅमेरा मागाहून हातात घेतला की तोही प्रश्न राहत नाही.

निवड ठरते ती कॅमेरा किती जवळून फोकस करू शकतो यावर. समुद्राचे पाणी डोळ्यांना कितीही नितळ दिसले, तरी त्यात कण तरंगत असतात आणि पाणी स्वतःच प्रकाश शोषून घेते. लाल रंग सर्वांत आधी जातो, आणि पाचेक मीटर पाणी पार करेपर्यंत तो इतका क्षीण होतो की सगळे चित्र निळे-हिरवे दिसू लागते. येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रकाश पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून कॅमेऱ्यापर्यंत जेवढे पाणी ओलांडतो, ते सगळे अंतर या हिशोबात धरावे लागते. एक मीटर खोलीवरचा मासा तुम्ही चार मीटरवरून टिपला, तर त्याचे रंग पाच मीटर पाण्यातून आल्यासारखेच उतरतात. म्हणून पाण्याखाली झूम जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तो चित्र मोठे करतो, पण मधले पाणी काही कमी करत नाही.

टीजी मालिकेचे खरे बळ येथेच आहे. तिच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंगापासून अवघ्या १ सेंटीमीटरवरच्या वस्तूवर फोकस होतो, आणि तुम्ही म्हणता त्या डबक्यांतल्या जिवांसाठी खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत याच्याइतका योग्य दुसरा मला तरी माहीत नाही. भिंगाचे छिद्र रुंद टोकाला एफ/२ इतके उघडते, त्यामुळे ढगाळ दिवशीही थोडा प्रकाश हाती राहतो. पाण्याखालील छायाचित्रणासाठी वेगळे मोड दिलेले आहेत आणि रॉ फाइलही (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले मूळ छायाचित्र) मिळते. रंग नंतर सुधारायचे असतील, तर रॉ अवश्य चालू ठेवावी.

आता उणिवा सांगतो. सेन्सर १/२.३ इंचाचा म्हणजे लहान आहे आणि छायाचित्र १२ मेगापिक्सेलचे मिळते. जमिनीवर, विशेषतः संध्याकाळी किंवा सेल्युलर जेलच्या कोठड्यांसारख्या अंधाऱ्या जागी, तुमच्याकडचा बऱ्यापैकी फोन याच्याहून सरस छायाचित्र देईल. ‘प्रवासाचा एकच कॅमेरा’ म्हणून तो घेतला, तर निराशा पदरी येईल. पाणी, पाऊस आणि वाळू यांच्यासाठीचा कॅमेरा म्हणून घेतला, तर समाधान होईल. दुसरे असे की, सपाट काचेतून पाण्यात पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे दृश्याचा कोन अरुंद होतो आणि २५ मिलिमीटरचे भिंग साधारण ३३ मिलिमीटरसारखे वागू लागते. त्यामुळे प्रवाळांचा विस्तीर्ण पट्टा एका चौकटीत मावणे अवघड जाते. त्यासाठी पुढे लावायचे फिशआय (अतिशय रुंद कोनाचे) भिंग मिळते, पण पहिल्याच सहलीसाठी तो खर्च करू नये.

जाता जाता एक सुचवतो. २०१९ चा टीजी-६ आणि २०२३ चा टीजी-७ यांच्यात भिंग आणि सेन्सरच्या दृष्टीने फारसा फरक नाही. नव्यात यूएसबी-सी चार्जिंग आणि काही किरकोळ सुधारणा आहेत. टीजी-६ कोठे नवा कोरा आणि स्वस्त मिळाला, तर निःशंक घ्यावा.

शटरवेडा

मचवा यांच्या म्हणण्यातील शास्त्र मला मान्य आहे, पण निष्कर्षाबाबत थोडा मतभेद नोंदवतो. आयुष्यात पहिल्यांदा मास्क लावून, तोंडाने श्वास घेत, लाइफ जॅकेटच्या आधारे तरंगणाऱ्या माणसाला पडद्यात पाहून चौकट जुळवणे, मोड बदलणे आणि बटण अर्धे दाबून फोकसची वाट पाहणे जमते, असे गृहीत धरणे मला धाडसाचे वाटते. त्यात दुपारच्या उन्हात, पृष्ठभागाजवळ, पडद्यावर नेमके काय दिसते आहे हेच कळत नाही. अशा वेळी अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा रुंद कोन उपयोगी पडतो, कारण तो फक्त माशाच्या दिशेने धरला तरी पुरते. गोप्रोचे अलीकडचे हीरो कॅमेरे वेगळ्या आवरणाशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत, तर अ‍ॅक्शन ५ प्रो हा २० मीटरपर्यंत. सहावीतल्या मुलीच्या हाती द्यायचा असेल, तर मी हाच पर्याय निवडेन. मात्र यांचा फोकस बहुधा स्थिर असतो आणि साधारण एका फुटाच्या आतली वस्तू धूसर येते, त्यामुळे डबक्यांतले जीव विसरावे लागतील, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

फोनच्या पिशवीबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो: घेऊ नका. पाण्याखाली स्पर्शपडदा नीट चालत नाही, त्यामुळे कॅमेरा आधी सुरू करून आवाजाच्या बटणाने छायाचित्रे काढावी लागतात; आतली दमट हवा थंड पाण्यात गेली की प्लास्टिकवर धुके जमते; आणि पिशवीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तरी ज्यात बोटीची तिकिटे, हॉटेलची नोंदणी आणि बँकेचे व्यवहार आहेत तो फोन परमुलखात बंद पडतो. ‘माझा फोन आयपी६८ (धूळ आणि पाणी रोखण्याचा दर्जा) आहे’ असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, तो दर्जा प्रयोगशाळेतील गोड्या, स्थिर पाण्यासाठी दिलेला असतो. खाऱ्या पाण्यात फोन नेऊ नये असे कंपन्याच सांगतात आणि पाणी शिरून झालेले नुकसान सर्वसाधारणपणे वॉरंटीत धरले जात नाही.

रापण

मी मालवणचाच असल्यामुळे तिकडच्या पाण्यापुरते लिहितो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जेथे स्नॉर्केलिंग करवतात, तेथील पाण्याची अंदमानशी तुलना करू नये. आपल्याकडे समुद्रात गाळ अधिक असतो आणि वारा सुटला की तळ ढवळून काही मीटरपलीकडचे दिसेनासे होते. थंडीच्या दिवसांत पाणी त्या मानाने बरे असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर पावसाळ्याच्या तोंडावर जलक्रीडाच बंद करतात, तेव्हा आजोळी जाणार असाल तर महिन्याच्या पूर्वार्धात जावे आणि भरती-ओहोटीची वेळ होडीवाल्याला आधी विचारून घ्यावी.

अशा गढूळ पाण्यात फ्लॅश मारण्याचा मोह टाळावा. कॅमेऱ्यातला फ्लॅश भिंगाला खेटून असल्यामुळे त्याचा प्रकाश मधल्या कणांवर पडून सरळ परत येतो आणि छायाचित्रभर पांढरे ठिपके उमटतात. सूर्य पाठीमागे ठेवून, फ्लॅश बंद करून आणि पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल साधणारी सोय) निवडून काढलेले छायाचित्र या खोलीवर नेहमीच बरे येते.

आणखी दोन गोष्टी. हे कॅमेरे पाण्यात पडले की दगडासारखे तळाशी जातात, म्हणून तरंगणारा पट्टा कॅमेऱ्याबरोबरच विकत घ्यावा. तो भडक नारिंगी किंवा पिवळा असावा. आणि छायाचित्रासाठी प्रवाळावर पाय रोवून उभे राहू नये. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलून आणणे गुन्हा ठरतो. मुलीला हे आधीच सांगून ठेवावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. छायाचित्रांची आवड माझी आणि डबक्यांचा हट्टही माझाच, त्यामुळे कल टीजीकडे झुकतो आहे; मुलीला काय द्यायचे ते नंतर पाहू. आता दोन शंका उरतात. ओळखीच्या एका गृहस्थांकडे पाच-सहा वर्षे वापरलेला ३० मीटरवाला कॅमेरा फारच स्वस्तात मिळतो आहे, तो घ्यावा का? आणि अमेरिकेतून नवा मागवला, तर काही अडचण येऊ शकते का?

मचवा

जुना घेऊ नये, किंवा घ्यायचाच असेल तर तो पाण्यात नेणार नाही असे ठरवून घ्यावा. पेटीवर छापलेला ३० मीटरचा आकडा नव्या कॅमेऱ्याचा असतो. पाणी अडवण्याचे काम बॅटरीच्या आणि जोडणीच्या झाकणांमागची रबरी सील करते आणि रबर उष्णतेने, मिठाने आणि वयाने कडक होत जाते. म्हणूनच कंपन्या ती ठरावीक काळाने, सहसा वर्षातून एकदा, बदलून घ्यायला सांगतात. सहा वर्षांत पूर्वीच्या मालकाने ती एकदा तरी बदलली आहे का, असे त्या गृहस्थांना विचारून पाहा. उत्तर बहुधा मौनच असेल. शिवाय कॅमेरा कधी जोरात पडलेला असेल, तर बाहेरून खूण न दिसताही चौकट किंचित वाकलेली असू शकते.

अमेरिकेत टीजी-७ बाजारात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे साडेपाचशे डॉलर होती. तेथे घेतलेल्या कॅमेऱ्याची वॉरंटी भारतात चालेल असे गृहीत धरू नये. पावती जपून ठेवावी आणि दुरुस्तीसाठी कॅमेरा पुन्हा तिकडे पाठवावा लागेल अशी मनाची तयारी ठेवावी. येथे घेतानाही ऑनलाइन विक्रेत्याचा माल समांतर आयातीचा (अधिकृत वितरकाला वगळून आणलेला) नाही ना आणि वॉरंटी भारतातील वितरकाची आहे ना, हे लेखी विचारून घ्यावे. फरक तीन-चार हजारांचा असेल, तर मी येथलाच घेईन. कॅमेरा कोठूनही आणला, तरी अंदमानला निघण्यापूर्वी घरी बादलीभर पाण्यात बुडवून पाहावा, म्हणजे काही दोष असेल तर तो परत करण्याच्या मुदतीत कळतो.

रापण

वॉरंटीवर फार भिस्त ठेवू नये, कारण पाणी शिरले की ‘झाकण नीट लावले नव्हते’ असे ऐकावे लागण्याची शक्यता असते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा तसेच घडलेले असते. सीलवर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला, तरी पाण्याला वाट मिळते. म्हणून बॅटरी आणि कार्ड सकाळी खोलीवरच घालावे, सील स्वच्छ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावे, झाकणाचे दोन्ही खटके लागल्याचे पाहावे आणि मग किनाऱ्यावर किंवा होडीत ते अजिबात उघडू नये. झाकण वातानुकूलित खोलीतल्या कोरड्या हवेत लावलेले अधिक चांगले, कारण दमट हवा आत कोंडली गेली की पाण्यात उतरल्यावर भिंगाच्या आतल्या बाजूला धुके येऊ शकते. कॅमेरा वाळूवर उन्हात तापत ठेवून एकदम पाण्यात नेला, तरीही तेच होते.

परत आल्यावर झाकण बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा आणि बुडालेला असताना सगळी बटणे काही वेळा दाबावीत, म्हणजे फटींतले मीठ विरघळते. नुसते नळाखाली धरून ते निघत नाही. मग सावलीत वाळू द्यावा. हेअर ड्रायर लावू नये, कारण गरम हवेने सील खराब होते. पूर्ण कोरडा झाल्यावरच झाकण उघडावे आणि उघडताना तोंड खाली करावे, म्हणजे कडेला राहिलेला थेंब आत न जाता बाहेर पडतो. एक जादा बॅटरी अवश्य घ्यावी, आणि विमानात ती हातातल्या सामानातच ठेवावी, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत.